इंदिरानगर साइड: सकाळच्या पाण्याला गटारासारखा वास येतोय, कुठून सुरुवात करू?

पाथर्डी_फाट्याजवळ

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला इंदिरानगरच्या पुढे पाथर्डी फाट्याकडे राहतो. २४ फ्लॅटची सोसायटी, बिल्डिंगला १८-१९ वर्षं झाली. गेले आठ-दहा दिवस किचनच्या नळाला वास येतोय. पहिला मोठा पाऊस पडला ना, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी जास्त असतो, दुपारनंतर कमी होतो आणि कधी कधी येतच नाही, त्यामुळे घरातच एकमत नाही. सासूबाईंना लगेच येतो, मिस्टरांना अजिबात येत नाही, मला भांडी घासताना येतो पण ग्लास तोंडाला लावला की शंका येते की खरंच आहे का आपल्याला वाटतंय. तुरटी फिरवून बघितली, पाणी नितळ झालं पण वास तसाच.

सेक्रेटरी काका म्हणतात क्लोरीनचा वास आहे, पावसाळ्यात औषध जास्त टाकतात, चार दिवसात जाईल. आरओवाला येऊन गेला, तो म्हणतो मशीनमधले दोन फिल्टर, मेंब्रेन आणि कार्बन, दोन्ही बदला, साडेचार हजार होतील. शेजारच्या दोन घरांनी जार चालू केलेत.

मला काळजी वेगळी आहे. मुलगा चार वर्षांचा आहे, मागच्या आठवड्यात तीन दिवस त्याला जुलाब होते आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. मला उत्तर देता आलं नाही. नक्की काय तपासू, कोणाला सांगू, साडेचार हजार घालून हा प्रश्न सुटणार आहे का? अनुभव असेल तर प्लीज सांगा.

सातपूर_कॉलनी

ताई कार्बन संपला की वास येतोच, आमच्याकडे पण असंच झालेलं. वर्ष झालं असेल तर बदलून टाका, सोसायटीची टाकी कधी धुतली ते पण विचारा. आमची टाकी दिवाळीला धुतात त्यानंतर कोणी झाकण पण उघडत नाही, बहुतेक ठिकाणी हेच असतं.

म्हसरूळवाली

थांबा थांबा, पैसे घालायच्या आधी एक फुकटचं काम करा. काचेचा स्वच्छ ग्लास घ्या, स्टील नको प्लास्टिक तर नकोच, अर्धा भरा आणि तो घेऊन किचनच्या बाहेर जा, गॅलरीत नाहीतर हॉलमध्ये. तिथे गोल फिरवून वास घ्या. मग सांगा येतो का.

मी हे का सांगते, कारण मागच्या वर्षी आम्ही दीड महिना पाण्याला दोष देत होतो आणि वास येत होता सिंकच्या जाळीतून. सिंकच्या खाली तो वाकडा पाईप असतो ना ज्यात थोडं पाणी साठून राहतं, ते पाणी गटाराचा वास अडवतं, आमच्याकडे प्लंबरने नवीन सिंक बसवताना सरळ लवचिक पाईप खाली सोडून दिला होता. त्यात खरकटं आणि तेलाचा थर पण साचतो. नळ सोडला की वरून पाणी पडतं आणि खालची हवा वर येते, म्हणून वाटतं पाण्यालाच वास आहे. १८० रुपयांचा बॉटल ट्रॅप बसवला आणि विषय संपला.

दुसरी गोष्ट म्हणजे वास फक्त गरम पाण्याला येतो का ते बघा. गीझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा रॉड असतो, काही जंतू त्याच्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास तयार करतात, विशेषतः गीझर बरेच दिवस बंद असेल किंवा कमी तापमानावर ठेवला असेल तर. गार पाण्याला नाही आणि गरमला आहे असं असेल तर सोसायटीशी भांडू नका, गीझरवाल्याला बोलवा.

पाथर्डी_फाट्याजवळ

ग्लास गॅलरीत नेऊन बघितला. आत्ता संध्याकाळी फार नाही पण आहे, ओल्या मातीत काहीतरी कुजल्यासारखा. सासूबाईंना पण दिला, त्या म्हणाल्या हाच तो. म्हणजे सिंक नाही. गीझर बाथरूमला आहे, किचनला फक्त गार पाणी येतं. उद्या सकाळी परत बघते.

निवृत्त_पाणीवाला

ताई, माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, बरीच वर्षं नमुने गोळा करण्यात आणि तपासण्यात. थोडं मोठं लिहितो पण पूर्ण वाचा.

आधी तातडीचं. वास गटारासारखा आहे, पावसानंतर सुरू झालाय आणि घरात लहान मुलाला जुलाब होऊन गेलेत. तीन गोष्टी एकत्र आल्यात, तेव्हा कारण सापडेपर्यंत हे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, भाज्या-फळं धुवायला आणि दात घासायला वापरू नका. लोक पिण्याचं पाणी सांभाळतात आणि कोथिंबीर नळाखाली धुऊन तशीच भातावर टाकतात, दात घासताना चूळ नळाच्याच पाण्याने भरतात, लहान मुलं तर आंघोळीत पाणी पितातच. अगदीच दुसरी सोय नसेल तर खळखळून उकळी फुटू द्या, नुसतं कोमट नको, आणि उकळी आल्यावर निदान एक मिनिट तरी चालू ठेवा. उकळून जंतू मरतात पण गटारातलं बाकी काय काय असेल ते तसंच राहतं, म्हणून हा कायमचा उपाय धरू नका. घरात किंवा सोसायटीत कोणी गरोदर असेल तर त्यांना आजच सांगा, पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते.

आता वासाचं. पाण्याचा वास एकच नसतो, प्रत्येकाचं गाव वेगळं.

क्लोरीनचा वास हॉस्पिटलमध्ये फरशी पुसल्यावर येतो तसा, नाकात किंचित झोंबणारा. उघड्या पातेल्यात पाणी काही तास ठेवलं की तो बराचसा उडून जातो. हा वास असणं चांगलं लक्षण आहे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढा शिल्लक क्लोरीन असायला हवा, शिल्लक म्हणजे जंतू मारून झाल्यावर उरलेला. हा उरलेला क्लोरीनच वाटेत काही घाण मिसळली तर तिच्याशी लढतो.

मातीचा, बुरशीचा, ओल्या पोत्याचा वास असेल तर तो बहुतेक वेळा धरणातून किंवा नदीतून आलेला असतो. पाण्यातले काही सूक्ष्म जीव आणि निळं-हिरवं शेवाळ जिओस्मिन नावाचा पदार्थ सोडतात. पहिल्या पावसाचा जो मातीचा वास आपल्याला आवडतो त्यातही तोच असतो. माणसाचं नाक त्याला फार तिखट आहे, एका लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे पाच-दहा भाग असले तरी ओळखतं. उन्हाळ्याच्या शेवटी साठा खाली गेला की हे होऊ शकतं. एवढ्या प्रमाणात जिओस्मिनने स्वतःहून आजार होत नाही, चांगल्या कार्बन फिल्टरने वास जातो, साध्या उकळण्याने नीट जात नाही.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. बोअरचं पाणी, बंद पडून राहिलेली टाकी, गीझर, किंवा जिथे हवा लागत नाही आणि गाळ साचलाय अशी कुठलीही जागा.

आणि चौथा वास गटाराचा, मैल्याचा. याला चालढकल नको. सेक्रेटरी काकांचं क्लोरीनचं म्हणणं मला पटत नाही, कारण उलटं होतं. लाईनमध्ये घाण शिरली की क्लोरीन तिच्यावर खर्च होऊन संपतो, त्यामुळे अशा पाण्याला क्लोरीनचा वास येतच नाही.

आता हे घडतं कसं. आपल्याकडे पाणी २४ तास नसतं, सकाळी-संध्याकाळी ठरावीक वेळ सुटतं. पाणी चालू असतं तेव्हा पाईपमध्ये आतून बाहेर दाब असतो, कुठे बारीक भोक असेल तर पाणी बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं की पाईप रिकामा व्हायला लागतो आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर कोरडी माती असेल तर काही कळत नाही, पाऊस पडून माती भिजली आणि शेजारी ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की तेच पाणी आत. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं हा सगळा माल पुढे ढकलला जातो आणि मग पाणी स्वच्छ होतं. पण तोपर्यंत पहिला माल तुमच्या अंडरग्राउंड टाकीत पडलेला असतो. तुमच्याकडे सकाळी जास्त आणि दुपारी कमी हे त्याच्याशी जुळतंय.

पण अंदाजावर खोदकाम करू नये. उद्या सकाळी पाणी यायच्या आधी खाली जा, काचेच्या पाच स्वच्छ बाटल्या घ्या आणि चिठ्ठ्या लावा. पहिली, तळमजल्याच्या डायरेक्ट नळाचं, म्हणजे टाकीत न जाता थेट लाईनवरून येणाऱ्या नळाचं, पाणी आल्या आल्या. दुसरी, त्याच नळाचं वीस मिनिटांनी. तिसरी अंडरग्राउंड टाकीतून, चौथी गच्चीवरच्या टाकीतून, पाचवी तुमच्या किचनमधून. आणि जमलं तर सहावी, शेजारच्या बिल्डिंगच्या डायरेक्ट नळातून, तेही आल्या आल्या. झाकणं लावून अर्धा तास ठेवा मग एकेक उघडून वास घ्या, घरातल्या दोघा-तिघांना चिठ्ठी न दाखवता द्या. सहाव्या बाटलीला वास असेल तर दोष रस्त्यावरच्या लाईनमध्ये, नसेल आणि पहिलीला असेल तर दोष तुमच्या कनेक्शनमध्ये. पहिलीला नसेल आणि तिसरीला असेल तर टाकी, तिसरीला नसेल आणि चौथीला असेल तर गच्ची.

आरओवाल्याला आत्ता थांबवा. आरओ चालू स्थितीत जंतू बऱ्यापैकी अडवतो पण तुमचं दुखणं आरओच्या आधी आहे, आणि आरओ फक्त एका नळाला असतो.

सातपूर_कॉलनी

काकांचं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. कार्बनचं नंतर बघा.

जुन्या_नाशिकचा

काकांनी सगळं सांगितलंच आहे, एक गोष्ट माझ्याकडून. सोसायटीने डायरेक्ट लाईनला मोटार लावली आहे का ते बघा. प्रेशर कमी असलं की लोक अंडरग्राउंड टाकीच्या आधीच, म्हणजे येणाऱ्या लाईनवरच मोटार बसवतात, आणि मोटार चालू केली की ती लाईनमधून ओढते. जिथे पाणी पुरेसं नसेल तिथे भोकातून जे मिळेल ते ओढते. भद्रकालीत आमच्या गल्लीत हे झालेलं आहे. जुने वाडे, अरुंद बोळ, पाण्याचा पाईप आणि गटार एकमेकांना चिकटून, त्यात तीन घरांच्या मोटारी एकदम चालू. सकाळी पहिला हंडा काळसर यायचा. आई तेव्हा पहिले दोन हंडे अंगणात ओतायची आणि मग माठ भरायची, तिला कोणी शास्त्र शिकवलं नव्हतं पण तिने बघून बघून शोधलं होतं. मोटारी काढायला लावल्या तेव्हा फरक पडला, पाईप बदलल्यावर पूर्ण थांबलं. आणि लाईनला मोटार लावायला परवानगी नसते, सापडली तर जप्त होते.

पाथर्डी_फाट्याजवळ

मोटारीचं विचारते. पाच बाटल्यांचं उद्या करते, वॉचमन दादांना सांगून ठेवलंय, पाणी सहाच्या आसपास येतं.

मखमलाबाद_मळा

याच धाग्यात विचारतो, माझ्याकडे नळ नाही, बोअर आहे, २०० फूट. पाणी स्वच्छ दिसतं पण सडक्या अंड्याचा वास येतो, दोन-तीन दिवस बंद ठेवून परत चालू केलं की जास्तच. हे पण गटार समजायचं का?

निवृत्त_पाणीवाला

दादा, तुमचं प्रकरण वेगळं दिसतंय. बंद ठेवल्यावर वाढतो म्हणजे बोअरमध्ये हवा नसलेल्या जागेत सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करत असावेत. पण शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक जवळ असेल, गोठा जवळ असेल तर तपासणी करूनच घ्या, कारण घाण शिरली तरी हाच वास येऊ शकतो. वास उडवायचा सोपा मार्ग म्हणजे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं टाकीत पाडायचं, हवा लागली की वायू बराचसा निघून जातो. बोअरमध्ये ब्लीचिंग टाकायचं असेल तर ते कोणा जाणकाराकडून करून घ्या. आणि तुमच्याच बोअरचं पाणी दुसरं कोणी पीत असेल, मजूर वगैरे, त्यांनाही सांगा.

मखमलाबाद_मळा

गोठा ४० फुटांवर आहे. तपासून घेतो. धन्यवाद काका.

पाथर्डी_फाट्याजवळ

बाटल्यांचं झालं. सविस्तर लिहिते कारण कोणाला तरी उपयोग होईल.

सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी आलं. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तपकिरी पाणी आलं साधारण अर्धी बादली, आणि त्याला असा वास की वॉचमन दादा दोन पावलं मागे सरकले. ती पहिली बाटली. साडेसहाला त्याच नळाला नितळ पाणी, वास नाही, उलट थोडा औषधाचा वास. अंडरग्राउंड टाकीच्या पाण्याला वास स्पष्ट. गच्चीच्या टाकीला हलका, किचनला गच्चीसारखाच. आणि शेजारच्या बिल्डिंगमधून मावशींनी मला सहा वाजून बारा मिनिटांनी बाटली भरून दिली, ती एकदम स्वच्छ. त्यांची आणि आमची मेन लाईन एकच आहे.

चिठ्ठ्या न दाखवता सासूबाईंना, समोरच्या काकूंना आणि मिस्टरांना दिल्या. तिघांनी पहिली आणि तिसरी बाजूला काढल्या, मिस्टरांनी पण, त्यांना पहिल्यांदाच वास आला.

आणि मोटारीचं विचारलं तर हो, आहे. उन्हाळ्यात प्रेशर कमी होतं म्हणून एप्रिलमध्ये लाईनवर बसवली आणि काढलीच नाही. सेक्रेटरी काका आधी नाही म्हणाले, मग मीटरच्या पेटीजवळ जाऊन दाखवली तेव्हा गप्प बसले. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, ते १२ वर्षं सोसायटीचं काम फुकट करतात, पण पुढे कसं बोलू ते सांगा. आज संध्याकाळी मीटिंग लावलीय.

निवृत्त_पाणीवाला

ताई, तुम्ही काम फार नीट केलंत. दोष तुमच्याच कनेक्शनच्या पाईपमध्ये आहे, मेन लाईनपासून तुमच्या टाकीपर्यंतच्या तुकड्यात. शेजारची बाटली स्वच्छ आहे हाच सगळ्यात मोठा पुरावा. ती मीटिंगमध्ये घेऊन जा. बोलायचं काही नाही, पहिली आणि सहावी बाटली टेबलावर ठेवा आणि झाकणं उघडा.

आता क्रम सांगतो, हा चुकवू नका. आजच मोटार बंद, प्लग काढून ठेवा. उद्यापासून पाणी आलं की टाकीचा इनलेट बंद ठेवून पहिलं पाणी डायरेक्ट नळाने बाहेर सोडा, वास आणि रंग जाईपर्यंत, मग इनलेट उघडा. याने धोका कमी होतो, संपत नाही, म्हणून पिण्याचं बाहेरूनच. मग महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पाणीपुरवठ्याकडे लेखी अर्ज द्या, तुमचा भाग कुठल्या विभागात येतो ते पाणीपट्टीच्या बिलावर बघा, आणि अर्जाची पोच घ्या. रस्ता खोदायचा असेल तर परवानगी लागतेच, आणि व्हॉल्व्हमन, म्हणजे लाईनचं पाणी सोडणारा माणूस, आला की तो अर्ध्या तासात सांगतो कुठून लाईन गेलीय, नकाशात असेलच असं नाही पण त्याच्या डोक्यात असते.

नमुना तपासायला जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्या. घरच्या बाटलीत नेऊ नका, जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच मिळते, तिच्या तळाला थोडं औषध असतं ते विसळून टाकू नका, ते पाण्यातला क्लोरीन थांबवतं म्हणजे वाटेत जंतू मरून खोटा चांगला रिपोर्ट येत नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये.

घरच्या घरी क्लोरीन बघायला ओटी टेस्ट करा, गावाकडे ग्रामपंचायतीत करतात तीच. नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगाच्या तक्त्याशी जुळवून किती ते कळतं. ते पाणी नंतर फेकून द्यायचं, चुकूनही प्यायचं नाही. तुमच्या पहिल्या बाटलीत पिवळा रंग येणार नाही आणि दुसरीत येईल असा माझा अंदाज आहे.

एवढं गंभीरपणे का सांगतोय तर २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता, काही पेशंटच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले होते. दर पावसाळ्यात गॅस्ट्रो, टायफॉईड, कावीळ हे तर आहेच.

म्हसरूळवाली

ताई मुलाला परत जुलाब झाले तर ओआरएस लगेच, आणि लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, सुस्त पडला तर थांबू नका. डॉक्टरांना बाटल्यांचं पण सांगा, त्यांना उपयोग होतो.

पाथर्डी_फाट्याजवळ

अपडेट, जवळजवळ तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, मधे खूप धावपळ झाली.

मीटिंगमध्ये बाटल्या उघडल्या. कोणी काही बोललं नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, माझ्या नातवाला पण झालं होतं, मला वाटलं बाहेरचं खाल्लं. मग एकेक जण सांगायला लागले, २४ पैकी सात घरांत त्या दहा-बारा दिवसांत कोणाला ना कोणाला पोटाचं झालं होतं आणि प्रत्येकाने आपापल्या घरात वेगवेगळं कारण शोधलं होतं, पाणीपुरी, आंबा, लग्नातलं जेवण. सेक्रेटरी काकांनी स्वतः उठून मोटारीचा प्लग काढला.

व्हॉल्व्हमन दादा दुसऱ्या दिवशी आले, पावलं टाकत टाकत गेटपासून आत आले आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात थांबले, म्हणाले इथून खालून गेलीय. तिथे बरोब्बर ड्रेनेजचं चेंबर होतं. परवानगी आल्यावर खोदलं. जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप चेंबरच्या भिंतीला घासून गेलेला, आणि चेंबरच्या बाजूने गंजून पातळ झालेला, प्लंबरने हातोडीने हलकं ठोकलं तर पापुद्रे निघाले. बोटाच्या टोकाएवढी दोन भोकं आणि त्याच्याभोवती काळी चिखलमाती. चेंबर पण मधून तडकलेलं होतं आणि पुढे झाडाच्या मुळांनी लाईन अडलेली, म्हणून पावसात तुंबत होतं. मी तो पाईप हातात घेऊन बघितला. हेच पाणी मी मुलाला दिलं होतं, आणि त्या दिवशी मला रात्रभर झोप लागली नाही.

पूर्ण तुकडा बदलला, निळा एमडीपीई म्हणजे प्लास्टिकचा पाईप टाकला, आणि मुख्य म्हणजे रस्ता बदलला, आता तो दुसऱ्या बाजूने जातो, चेंबरपासून लांब आणि ड्रेनेजच्या पातळीच्या वरून. चेंबर नवीन बांधलं, आतून प्लास्टर. सगळे मिळून ३८,४०० झाले, फ्लॅटमागे १६०० आले. आरओच्या साडेचार हजारांत माझ्या एकटीचं पण काम झालं नसतं.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट पहिल्या नमुन्याचा पिण्यास अयोग्य असा आला. ओटी टेस्टमध्ये काकांचा अंदाज बरोबर निघाला, पहिल्या बाटलीत रंगच नाही, दुसरीत पिवळा.

काका, आता टाक्या धुवायच्या आहेत, ब्लीचिंग किती टाकायचं ते सांगाल का? अंडरग्राउंड १५ हजार लिटरची आहे, वर पाच-पाच हजारांच्या दोन.

निवृत्त_पाणीवाला

वाचून बरं वाटलं ताई. मुलाची तब्येत आता ठीक असेल असं धरतो.

टाक्यांचं सांगतो. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ काढा, भिंती आणि झाकणाची आतली बाजू पण ब्रशने घासा, शेवाळ तिथेच लपतं. घासलेलं पाणी काढून टाका. मग अर्धी टाकी भरून ब्लीचिंग पावडर टाका, आपण तिला टीसीएल म्हणतो. २५ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर दर हजार लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या टाकीत साडेसात हजार लिटर असेल तर दीड किलो. पावडर थेट टाकू नका, प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसतो, वरचं निवळ टाका. त्याच पाण्याने वरच्या भिंती ओल्या करा, रात्रभर ठेवा. हेच क्लोरीनचं पाणी मोटारीने गच्चीवर चढवून प्रत्येक घरात नळ सोडा, वास आला की बंद करा, म्हणजे आतले पाईपही धुतले जातील. त्या वेळी आरओचा इनलेट बंद ठेवा, जास्त क्लोरीनने मेंब्रेन खराब होतं. सकाळी सगळं सोडून द्या, झाडांना घालू नका, दोनदा साधं पाणी भरून रिकामं करा आणि मग ओटी टेस्ट करून वापर चालू करा.

रोजच्या वापराला एवढं लागत नाही. त्यासाठी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते, टाकल्यावर निदान एक तास थांबायचं. पण नळाला क्लोरीन असेल तर उगाच रोज टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, बादल्या-ब्रश धुताना किंवा टाकीजवळ टॉयलेट साफ करायचं ॲसिड अजिबात आणू नका, ब्लीचिंगशी मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि अंडरग्राउंड टाकीत एकट्याला उतरवू नका. झाकणं आधी दोन-तीन तास उघडी ठेवा, पंखा लावा, वर एक माणूस सतत उभा हवा आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. आत कोणी बेशुद्ध पडला तर दुसऱ्याने धावत उतरायचं नाही, असेच दोघं-तिघं जातात.

जुन्या_नाशिकचा

ताई, तुटलेला पाईप टाकून देऊ नका, सोसायटीच्या ऑफिसात ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात प्रेशर कमी झालं की कोणीतरी परत मोटार लावायचं म्हणणारच.

पाथर्डी_फाट्याजवळ

ठेवलाय, नोटीस बोर्डच्या खाली. रविवारी टाक्या धुतल्या, काका तुम्ही सांगितलं तसंच, दोर-पंख्यासकट. सोमवारी सकाळी सहाला मी परत काचेची बाटली घेऊन खाली गेले, आल्या आल्याचं पहिलं पाणी भरलं आणि सासूबाईंना नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वास घेतला आणि चहाचं आधण त्याच पाण्याचं ठेवलं.